टू-स्ट्रोक ब्रश कटर: इंजिनाला पाचपैकी पाच, बाकीच्या सामानाला नाही

गेले दोन हंगाम मी ४३ सीसीचे, टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिनाचे, खांद्यावर पट्ट्याने अडकवायचे ब्रश कटर, म्हणजे गवत-झुडुपे कापायचे यंत्र, वापरत आहे. चाललेल्या तासांची नोंद वहीत ठेवली असल्यामुळे, साठ तासांच्या वापरानंतर त्याविषयी काही ठामपणे लिहिता येईल असे वाटते. इंजिनाबद्दल तक्रारीला जागा नाही. कमरेइतके गवत, वाळलेली काटेरी झुडुपे आणि अंगठ्याएवढ्या जाडीची खोडे त्याने न कुरकुरता कापली. तक्रार आहे ती सोबत आलेल्या पट्ट्याबद्दल, माहितीपुस्तिकेबद्दल आणि कारखान्यातून निघताना केलेल्या, किंवा न केलेल्या, जुळणीबद्दल.

खोक्यातून काढून यंत्र पहिल्यांदा सुरू केले तेव्हा थ्रॉटलला, म्हणजे वेग वाढवायच्या खटक्याला, हात लावलेला नसतानाही पाते फिरत होते. या यंत्रांत केंद्रोत्सारी क्लच असतो. इंजिनाचा वेग वाढला की क्लचचे तुकडे बाहेर सरकून ड्रमला चिकटतात आणि पाते फिरू लागते. वेग उतरला की स्प्रिंग त्यांना आत ओढून घेतात आणि पाते थांबते. त्यामुळे इंजिन नुसते धडधडत असताना, म्हणजे मिनिटाला साधारण तीन हजार फेऱ्यांच्या आत, पाते स्थिर राहिलेच पाहिजे. माझ्या यंत्रात आयडलचा, म्हणजे हा किमान वेग ठरवणारा, स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळलेला होता. पाते उतरवून, इंजिन पुरेसे तापू देऊन तो थोडा थोडा सैल केल्यावर पाते बसवायचा दांडा फिरायचा थांबला. स्क्रू सैल करूनही दांडा थांबत नसेल तर क्लचची स्प्रिंग तुटली किंवा ताणली गेली असे समजावे आणि दुरुस्ती होईपर्यंत यंत्र वापरू नये. ही तपासणी पुस्तिकेच्या पहिल्या पानावर असायला हवी होती. ती मला शेवटून दुसऱ्या पानावर, अगदी बारीक अक्षरांत सापडली.

त्याच पुस्तिकेत पेट्रोल आणि तेलाचे प्रमाण २५:१ दिले होते, तर टाकीच्या झाकणावरील चिकटपट्टीवर ४०:१. पहिल्या प्रमाणाने लिटरला ४० मिली तेल लागते, दुसऱ्याने २५ मिली, आणि हा फरक किरकोळ नाही. तेल कमी पडले तर पिस्टन आणि सिलिंडर घासून इंजिन जाम होते. जास्त झाले तर धूर वाढतो, स्पार्क प्लग काळा पडतो आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी साचते. शंका असताना जास्त तेलाची चूक परवडते, म्हणून पहिले काही तास मी २५:१ नेच चालवले. नंतर सेवा केंद्राकडून लेखी खुलासा मागवला. जासो एफडी (तेलाच्या जपानी मानकातील एक श्रेणी) दर्जाचे टू-स्ट्रोक तेल असेल तर ४०:१ पुरेसे आहे, असे त्यांनी कळवले. मिश्रण मी वेगळ्या डब्यात करतो, टाकीत कधीच नाही, आणि महिन्याभरात संपेल इतकेच करतो. इंधन भरताना इंजिन बंद आणि थंड असते, आणि भरलेल्या जागेपासून किमान तीन मीटर दूर गेल्याशिवाय सुरू करण्याची दोरी मी ओढत नाही.

सोबत तीन दात्यांचे पाते, ८० दात्यांचे गोल पाते आणि नायलॉन दोरीचे हेड मिळाले. पाते धरून ठेवणारा नट उलट्या आट्यांचा आहे, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवला की तो सैल होतो. हे ठाऊक नसल्यामुळे नट आणखी आवळून बसणारे लोक मी पाहिले आहेत. पाते बदलण्यापूर्वी प्लगची टोपी काढावी आणि गिअर हेडच्या, म्हणजे पात्याजवळच्या गिअरपेटीच्या, छिद्रात पिन घालून दांडा अडवावा. धातूचे पाते वापरताना, चालवणाऱ्याच्या नजरेतून ते घड्याळाच्या तबकडीसारखे पाहिले तर, १२ ते ३ या भागाने जाड खोडाला स्पर्श करू नये. तिथे अडकलेले पाते यंत्राला जोराने उजवीकडे उसळवते. गवत उजवीकडून डावीकडे झाडत न्यावे.

गवत अडकते म्हणून संरक्षक ढाल काढून टाकण्याची सवय अनेकांना असते. ओले गवत तिच्याखाली खरोखरच गोळा होते, हे मान्य. पण दर काही मिनिटांनी इंजिन बंद करून काडीने ते काढणे, नडगीवर खडा बसण्यापेक्षा बरे. उडालेला खडा फार दूर जातो, म्हणून १५ मीटरच्या आत मी कोणालाही उभे राहू देत नाही. चेहऱ्यावरची जाळी फांदीला अडवते, बारीक कणांना नाही. तिच्याखाली चष्मा लागतोच. कानाशी आवाज ९० डेसिबलच्या वर असतो आणि कानांसाठी खोक्यात काहीही दिलेले नाही.

पट्ट्याला मी पाचपैकी एकच गुण देईन. तो एका खांद्याचा, पातळ आणि झटकन सुटणारी कडी नसलेला होता. आग लागली किंवा पाय घसरला तर सात-आठ किलोचे यंत्र एका हालचालीत अंगावेगळे करता यायला हवे. वेगळा, दोन्ही खांद्यांचा पट्टा घेतला आणि दांड्यावरचा आकडा सरकवत पाते जमिनीजवळ आपोआप तरंगेल असा तोल साधला, तेव्हा हातांचा त्रास निम्मा झाला. तरीही कंपनामुळे बोटांना मुंग्या येतात, म्हणून सलग अर्ध्या तासाहून अधिक काम मी करत नाही.

देखभालीचे काम मात्र सोपे आहे. एअर फिल्टर रोज झटकावा. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा. सिलिंडर गार ठेवणाऱ्या धातूच्या पंखांमधील कचरा ब्रशने काढावा, नाहीतर इंजिन तापते. गिअर हेडमध्ये मी दर २५ तासांनी लिथियम ग्रीस भरतो आणि प्लगची फट ०.६ ते ०.७ मिमी ठेवतो. पहिल्या हंगामाच्या शेवटी टाकीत मिश्रण तसेच राहिले आणि पुढच्या वेळी कार्बुरेटर उघडून चिकट थर साफ करण्यात अख्खी सकाळ गेली. यंदा टाकी रिकामी करून, प्रायमर (कार्बुरेटरमध्ये इंधन ओढणारा रबरी फुगा) दाबून, इंजिन स्वतःहून बंद पडेपर्यंत चालवून मगच यंत्र ठेवले होते; ते तिसऱ्या ओढीला सुरू झाले.