कर्लीच्या खाडीत दिवसभर: होडी घ्या, पण तिथी बघून

तारकर्ली-देवबागला होडीवाले भरपूर, आणि फलक बहुतेकांचा एकच: डॉल्फिन, गोल्डन रॉक, निवती, भोगवे, संगम, त्सुनामी आयलंड. दोन-अडीच तासांत सगळे पॉइंट उरकतात. आम्ही घरच्या माणसांपुरती आख्खी होडी दिवसभरासाठी ठरवली, देवबागातल्याच एका गाबीत, म्हणजे मच्छीमार, कुटुंबाची. काका सुकाणावर, त्यांचा मुलगा नांगर आणि दोर सांभाळायला. भाडं होडीचं, माणशी नाही. पैसे पुरेपूर वसूल झाले आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे काका घड्याळापेक्षा पाणी बघून चालतात.

आदल्या संध्याकाळी फोनवर निघायची वेळ विचारली, तर त्यांनी आधी तिथी सांगितली. पंचमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. म्हणजे भरती दुपारी पावणेचारच्या आसपास आणि ओहोटी सकाळी साडेनऊच्या सुमारास. म्हणून समुद्राकडचं सगळं सकाळी आणि खाडी दुपारी. त्सुनामी आयलंड हा खाडीच्या मुखाजवळचा वाळूचा पट्टा ओहोटीलाच नीट उघडा पडतो. भरतीला गेलात तर कंबरभर पाण्यात उभं राहून परतायचं.

उजाडताच निघालो. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र आणि मधे माडांनी भरलेली चिंचोळी पट्टी. तिच्या टोकाला संगम. ओहोटीचं पाणी बाहेर धावतं, समुद्राची लाट आत येते आणि दोन्ही भिडतात तिथे लाट उभी राहते. काकांनी त्याआधीच सगळ्यांच्या लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघितले, इंजिन मंद केलं आणि लाट सरळ नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर घेतली. सासूबाई घाबरल्या नाहीत, यातच सगळं आलं.

डॉल्फिन दिसले. काकांनी लांबच इंजिन बंद केलं आणि वाट बघायला लावली. थोड्या वेळाने दोन पाठी वर आल्या, श्वास सोडल्याचा फुस्स आवाजसुद्धा ऐकू आला. तेवढ्यात दुसऱ्या दोन होड्या भरधाव आल्या, त्यांच्यामागे धावल्या आणि डॉल्फिन गायब. हे बघून फार वाईट वाटतं. पाठलाग करणाऱ्या होडीत बसलेल्यांनीच 'थांबा' म्हणायला हवं, कारण होडीवाल्याला वाटतं की गिऱ्हाइकाला हेच हवंय.

निवतीचे पिवळसर कडे उन्हात खरंच सोनेरी दिसतात, पण ते होडीतूनच बघायचे. आयलंडवर अर्धा तास पुरतो. गर्दी, वॉटर स्पोर्ट्स, भजी. मुलांना आवडलं, मला नाही.

जेवायला भोगव्याच्या बाजूला उतरलो. धक्का नाही, गुडघाभर पाण्यात पाय टाकायचा. मुलाने लाकडी स्टूल वाळूत दाबून बसवलं, त्यावर पाय देऊन सासूबाई उतरल्या. गुडघेदुखीवाली मंडळी सोबत असतील तर हे आधी विचारून घ्या. काकांच्या नात्यातल्या घरी जेवण सांगून ठेवलं होतं: तिसऱ्यांची (शिंपल्यांची) एकशिपी, म्हणजे एका शिंपेसकट केलेलं कालवण, तळलेला बांगडा, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी. तिसऱ्यांमध्ये एकही वाळूचा कण दाताखाली आला नाही. त्या नीट धुवायला किती वेळ जातो हे ज्यांनी धुतल्यात त्यांनाच कळेल.

जेवण झाल्यावर आम्ही उठायला लागलो तर काका म्हणाले, "पाणी भरांदे, मगे जावया." मग भरतीबरोबर खाडीत आत शिरलो, आणि माझ्यासाठी दिवसाचा खरा भाग इथे सुरू झाला. कांदळवनाजवळ इंजिन बंद, मुलाने बांबू हातात घेतला. चिखलातून वर आलेली तिवराची श्वासमुळं बोटभर उंचीची, शेकड्यांनी, आणि पाणी त्यांच्यामधून वर चढताना दिसत होतं. आधी टोकं उरली, मग तीही बुडाली. चिखलावर फिरणारे लाल नांगीचे खेकडे एकेक करून बिळात गेले. खंड्या, पाणकावळे आणि उंच माडावर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड. मुलाला पक्ष्यांची पुस्तकी नावं ठाऊक नव्हती, पण कोण कुठल्या झाडावर बसतो ते पक्कं ठाऊक होतं.

उणिवाही सांगते. होडीवरचं कापडी छत अपुरं आहे, दुपारी एका बाजूच्या माणसांना ऊन लागतं. शौचालयाची सोय फक्त जेवणाच्या घरी. पिण्याचं पाणी आपलं आपण न्यावं.

पावसाळ्यात ही सफर बंद असते. नाताळच्या आठवड्यात आयलंडवर पाय ठेवायला जागा मिळत नाही, त्यापेक्षा जानेवारीतला मधला वार बघा. कुठलीही होडी ठरवा, पण फोनवर दोन गोष्टी विचारा: त्या दिवशी ओहोटी कधी, आणि खाडीत आत कुठपर्यंत नेणार. ज्याला पहिल्याचं उत्तर लगेच देता येतं, त्याच्याकडे आगाऊ रक्कम भरा.