टोवर दोर तुटला: समोर उतरायचं की मागे वळायचं?

बिनइंजिनाचं ग्लायडर टोवर असताना, म्हणजे दुसरं विमान त्याला दोराने ओढून वर नेत असताना, जमिनीजवळ हा दोर तुटला, तर पायलटपुढे दोनच वाटा उरतात: समोर मिळेल तिथे उतरणं, नाहीतर वळून आल्या धावपट्टीवर येणं. साधारण २०० फुटांखाली समोरच उतरायचं, त्यावर असाल तरच वळायचा विचार करायचा, असं शिकवतात. नाक लगेच खाली करून वेग राखणं मात्र दोन्हीकडे सारखंच.

आता उदाहरणापुरतं आपलं नागपूरचं सोनेगाव घेऊ. विमानतळ समुद्रसपाटीपासून १०३३ फुटांवर. उंची दाखवणारा आल्टिमीटर समुद्रसपाटीला लावलेला असेल, तर काटा १२३३ वर गेला की २०० फूट झाले. हा आकडा उड्डाणाआधीच मोठ्याने म्हणून ठेवा, ऐनवेळी वजाबाकी सुचत नाही.

मागे वळायचा मोह समजण्यासारखा आहे. धावपट्टी ओळखीची, ग्लायडर शेतातून ओढून आणायची कटकट नाही. पण वळण ४५ अंश कलून घ्यावं लागतं आणि तेवढ्या कलात स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान तोलू शकत नाहीत तो वेग, सुमारे १९ टक्के वाढतो. सरळ उडताना ताशी ६५ किलोमीटर असेल, तर इथे ७७. त्यात वळल्यावर वारा पाठीशी येतो, जमीन भराभर सरकते, वेग जास्त झालाय असं वाटून हात नकळत नियंत्रणाची दांडी, म्हणजे स्टिक, मागे ओढतो आणि वेग पडतो. बहुतेक घात इथेच होतो, कारण एवढ्या कमी उंचीवर स्पिनमधून, म्हणजे गिरक्या घेत कोसळण्यातून, सावरता येत नाही. वळायचंच असेल तर आडव्या वाऱ्याला तोंड देऊन वळा, म्हणजे तोच तुम्हाला पट्टीकडे ढकलतो.

समोर उतरताना दोर सोडायची पिवळी मूठ दोनदा ओढून उरलेला दोर टाका, मग एअरब्रेक (विमान लवकर खाली आणणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या) उघडा. फार तर तुरीच्या शेतात चाक मोडेल, पण पंख सरळ आणि विमान ताब्यात. सोनेगावसारखी ३२०० मीटरची पट्टी असेल, तर पुष्कळदा खाली पट्टीच शिल्लक असते.

नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, ४५ अंश तापमानाला इथली हवा जवळपास ४९०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. टो-विमान रडतखडत चढतं, २०० फूट होईस्तोवर तुम्ही पट्टीपासून बरेच लांब गेलेले असता. मे महिन्यात मी तरी ही रेघ ३०० वर नेईन.

कधी दोर शाबूत असतो आणि इशारा पुढून येतो. टो-विमानाने पंख हलवले, तर ताबडतोब दोर सोडा. नुसता रडर (शेपटीचं सुकाणू) हलवला, तर तुमचे एअरब्रेक उघडे राहिलेत का ते बघा, दोर सोडू नका. हे दोन इशारे उलटे वाचून उघड्या ब्रेकनिशी सुटलात, तर समोर की मागे हे नंतर, आधी ब्रेक बंद करा.