जीडीबीचा हार्डवेअर वॉच, सात महिन्यांनंतर: राखणदार चांगला, पण नको तिथे गप्प बसतो

जीडीबी हा डीबगर, म्हणजे चालू प्रोग्रॅम थांबवून आत डोकावू देणारं साधन. त्याचा हार्डवेअर वॉच प्रोसेसरच्या मदतीने मेमरीतल्या एका जागेवर पहारा ठेवतो आणि तिथलं मूल्य बदललं की प्रोग्रॅम थांबवतो. सात महिने वापरतोय आणि आज चिडून लिहितोय. कारण ४१ आणि ४२ हे दोन आकडे.

आमच्या प्रोग्रॅममध्ये आठ थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या वाटा) मिळून एकच काउंटर वाढवतात. रन संपला की बेरीज दोन-चारने कमी भरायची. मग नेहमीचंच केलं: इंटेलचा जुना लॅपटॉप, लिनक्स, जीडीबी, काउंटरवर ‘वॉच -एल’. (‘-एल’ म्हणजे पहारा नावावर नाही, थेट पत्त्यावर; नाहीतर फंक्शन संपताच वॉच उडू शकतो.) प्रत्येक बदलाला प्रोग्रॅम थांबला. जुना ४१, नवा ४२. जुना ४२, नवा ४३. चुकीचा असा एकही बदल नाही. तीन संध्याकाळी गेल्या. आधी कंपायलरवर संशय घेतला, मग स्वतःच्या बेरजेवर.

भानगड अशी आहे. प्रोसेसर त्या पत्त्यावरच्या प्रत्येक लिहिण्याला ट्रॅप देतो, म्हणजे प्रोग्रॅम अडवून जीडीबीला हाक मारतो; त्याची काही चूक नाही. जीडीबी तो ट्रॅप घेतो, जुनं आणि नवं मूल्य ताडून बघतो, आणि दोन्ही सारखी निघाली की तुम्हाला न सांगता प्रोग्रॅम पुढे सोडून देतो. आता बघा. थ्रेड ३ ने ४१ वाचलं, थ्रेड ५ नेही ४१ वाचलं. ३ ने ४२ लिहिलं, ते दाखवलं. मग ५ ने ४२ लिहिलं. ४२ वर ४२! बदल नाही, म्हणून अवाक्षर नाही. ज्या चोरीसाठी राखणदार ठेवला, ती डोळ्यांसमोर झाली आणि हा म्हणतो सामान जागेवर आहे.

इथवर लिहून दोन तारे द्यायचे ठरवलं होतं. मग ‘ए-वॉच’ लावून बघितला आणि निम्मा राग गेला. तो वाचण्यालाही थांबतो आणि न बदलणाऱ्या लिहिण्यालाही. कंपायलरचं ऑप्टिमायझेशन (कोड जलद करण्याची काटछाट) बंद करून बिल्ड केला, ‘कमांड्स’मध्ये (वॉच थांबला की आपोआप चालणाऱ्या आज्ञांत) थ्रेडचा नंबर छापून लगेच कंटिन्यू असं लावून दिलं आणि चहा ठेवायला गेलो. परत आलो तर स्क्रीनवर क्रमाने: थ्रेड ३, ४१. थ्रेड ५, ४१. थ्रेड ३, जुना ४१ नवा ४२. थ्रेड ५, नुसतंच ४२. ती चौथी ओळ बघून चहा उतू गेला तरी वाईट वाटलं नाही. एवढंच लक्षात ठेवा की एक्स८६ वर (इंटेलसारख्या प्रोसेसरांवर) लिहिणारी सूचना पार पडून गेल्यावर ट्रॅप येतो, त्यामुळे दाखवलेली ओळ बऱ्याचदा गुन्हेगाराच्या पुढची असते.

एक शाबासकी द्यायलाच हवी. डीबग रजिस्टर (पहाऱ्याचे पत्ते ठेवायचे प्रोसेसरमधले कप्पे) प्रत्येक थ्रेडची वेगळी असतात, पण जीडीबी ती सगळ्या थ्रेडमध्ये भरतो. वॉच लावल्यानंतर जन्मलेले थ्रेडही त्याने एकदाही सोडले नाहीत, मुद्दाम तपासलं.

सॉफ्टवेअर वॉचपासून मात्र सांभाळा; त्यात प्रोसेसरची मदत नसते, जीडीबी स्वतःच पावलोपावली मूल्य तपासतो. ६४ बाइटचं अख्खं स्ट्रक्चर वॉचला दिलं तर जीडीबी तक्रार न करता सॉफ्टवेअर वॉचवर उतरतो. उत्तरातला ‘हार्डवेअर’ हा शब्द गायब होतो, बस्स. प्रोग्रॅम मुंगीच्या पावलाने चालतो आणि दुसऱ्या थ्रेडने केलेला बदल त्याला दिसेलच याची खात्री नाही.

‘थ्रेडसॅनिटायझर (थ्रेडची अशी झटापट शोधणारं साधन) का नाही वापरलास?’ असं मित्राने विचारलं. वापरला असता तर ही रेस (दोन थ्रेडची एकाच जागेवरची चढाओढ) बहुतेक पहिल्याच रनला सापडली असती, कबूल. पण तो मेमरी ५ ते १० पट खातो आणि माझा लॅपटॉप ८ जीबीचा. नवी रॅम घ्यायची नाही हे आधीच ठरलेलं, आणि विकतच्या डीबगरची किंमत डॉलरमध्ये बघून टॅब बंद केली होती. फुकटात जे मिळालं त्याला साडेतीन तारे.

अर्धा तारा कापला तो रजिस्टर संपल्याचं वेळेवर न सांगण्यापायी. १९८५ च्या ८०३८६ प्रोसेसरपासून पत्त्यांसाठी डीबग रजिस्टर चारच, ६४ बिटमध्येही प्रत्येकी जास्तीत जास्त ८ बाइट. त्यावर माझं भांडण नाही. पण पाचवा वॉच लावताना जीडीबी हूं की चूं करत नाही. तुम्ही निवांत कंटिन्यू म्हणता, आणि तेव्हा सांगतो, पाचवा बसत नाही.