लिनक्स मिंट २२ : विंडोज १० चा आधार सुटलेल्या लॅपटॉपवर टाकावे का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले. घरच्या मशीनला नाव नोंदवून मिळणारी वाढीव मुदतही वर्षभराचीच. विंडोज ११ टीपीएम २.० ही सुरक्षा चिप मागते आणि इंटेलच्या बाबतीत, थोडे अपवाद सोडले, तर आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर चालवून घेत नाही. त्यामुळे पाचव्या-सहाव्या-सातव्या पिढीचे धडधाकट लॅपटॉप घराघरांत आणि लहान ऑफिसांत अडकून पडलेत. अशा मशीनवर काय टाकावे, याचे आमचे उत्तर सरळ आहे: लिनक्स मिंट २२, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. मात्र टाकण्याआधी अर्धा तास पेनड्राइव्हवरून चालवून बघा. पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणी त्या अर्ध्या तासातच दिसतात.

मिंट उबंटू या दुसऱ्या लिनक्स सिस्टिमच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर उभे आहे. २२ ची मालिका उबंटू २४.०४ वर बेतलेली असून तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई असे तीन डेस्कटॉप, म्हणजे पडद्याच्या तीन मांडण्या, त्यात मिळतात. आठ जीबी रॅम असेल तर डोळे मिटून सिनॅमन घ्या. खाली डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ, मध्ये उघड्या खिडक्या. विंडोज ७ वर हात बसलेल्या माणसाला काहीच शिकवावे लागत नाही. चार जीबी असेल तर एक्सएफसीई. दोन जीबीवर मिंट चालू होते खरे, कागदोपत्री किमान गरजही तेवढीच आहे, पण ब्राउझरचे चार टॅब उघडले की मशीन मान टाकते. तिथे आधी रॅम वाढवा.

लॅपटॉपमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर मिंट टाकूनही तो संथच राहणार. ५४०० फेऱ्यांची डिस्क हाच खरा अडथळा असतो, ऑपरेटिंग सिस्टिम नव्हे. अडीच इंची साटा एसएसडी बसवायला स्क्रू-ड्रायव्हर आणि वीस मिनिटे पुरतात. २४० जीबीची डिस्क घरगुती वापराला भरपूर झाली.

मग थेट उबंटूच का नको? कारण स्नॅप. उबंटूमध्ये फायरफॉक्ससारखे रोजचे सॉफ्टवेअर स्नॅप या बंदिस्त पॅकेजमधून येते आणि जुन्या डिस्कवर ते पहिल्यांदा उघडताना चांगलेच ताटकळवते. मिंटने स्नॅप मुळातच बंद ठेवले आहे आणि फायरफॉक्स साध्या पॅकेजमधून दिले आहे. फ्लॅटपॅक हा तशाच स्वतंत्र पॅकेजचा दुसरा प्रकार मात्र आहे. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये एकाच अॅपचे साधे आणि फ्लॅटपॅक असे दोन्ही पर्याय दिसतात, तेव्हा नवीन आवृत्तीच हवी असेल तरच फ्लॅटपॅक घ्या. पहिले फ्लॅटपॅक अॅप टाकताना त्याच्यासोबत शेकडो एमबीचा पायाभूत संच उतरतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर दिवसाचा डेटा तिथेच संपू शकतो. ज्यांच्या मूळ निर्मात्याची खातरजमा झालेली नाही अशी फ्लॅटपॅक २२ पासून आपोआप लपवलेली असतात. हा निर्णय आम्हाला मनापासून पटला.

यंदा घेतलेल्या कोऱ्या लॅपटॉपसाठी मात्र मिंट पहिली निवड नव्हे. २२.२ मध्ये ६.१४ कर्नल (सिस्टिमचा गाभा) आले, तरी अगदी ताज्या वायफाय आणि ग्राफिक्स चिपसाठी फेडोरा ही दुसरी लिनक्स सिस्टिम पुढे असते.

आयएसओ, म्हणजे मिंट टाकायची फाइल, तीन जीबीच्या आसपास आहे, म्हणजे चार जीबीचा पेनड्राइव्ह चालतो. उतरवल्यावर एसएचए-२५६ बेरीज (फाइलचा ओळख-आकडा) संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवून बघाच. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली होती आणि १७.३ सिनॅमनची, घुसखोरांना आत शिरायला मागचे दार ठेवलेली आयएसओ काही काळ लोकांच्या गळ्यात मारली गेली. तेव्हापासून ही तपासणी टाळायला सबब उरलेली नाही. विंडोजमध्ये ती सर्टयुटिल कमांडने होते. (कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरांतच करायच्या.) पेनड्राइव्ह तयार करायला रुफस किंवा बलेना एचर वापरा. मशीन कशावरून सुरू करायचे ते विचारणाऱ्या बूट मेनूसाठी डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, असूसवर एस्केप.

पेनड्राइव्हवरून डेस्कटॉप आला की लगेच इन्स्टॉलच्या चिन्हावर तुटून पडू नका. वायफाय जोडा, गाणे वाजवा, ब्राइटनेसच्या की दाबून बघा, वेबकॅम उघडा. मग झाकण बंद करा, दोन मिनिटे थांबा आणि उघडा. पडदा काळाच राहिला किंवा टचपॅड मेले, तर त्या मशीनवर झोप-जाग यांचे जमत नाही, हे टाकण्याआधीच कळते. यूट्यूबवरचे व्हिडिओ ही तपासणी सहसा दाखवतच नाहीत. लॅपटॉपवाल्याला पुढे रोज त्रास होतो तो याच जागी.

इन्स्टॉलर सुरू केला आणि डिस्कच दिसली नाही, तर घाबरू नका, डिस्क बिघडलेली नसते. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) डिस्क जोडण्याचा साटा मोड रेड किंवा इंटेल आरएसटीवर असतो आणि इन्स्टॉलरला तो वाचता येत नाही. उपाय म्हणजे तो मोड एएचसीआयवर नेणे. पण विंडोज ठेवायचे असेल तर बायोसमध्ये थेट बदल केल्यास विंडोज निळा पडदा दाखवते. आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून बूट टॅबमध्ये सेफ बूट, मिनिमल यावर खूण करा. रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय निवडा. विंडोज सेफ मोडमध्ये एकदा उघडू द्या, म्हणजे ते नवा ड्रायव्हर उचलते. मग खूण काढून टाका. आणि या सगळ्याच्या आधी बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कुलूप) चालू आहे का ते बघून त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. ती नसेल आणि विंडोजने मागितली, तर डेटा गेला म्हणून समजा.

दोन्ही सिस्टिम शेजारी ठेवणाऱ्यांच्या दोन नेहमीच्या तक्रारी असतात. पहिली, मिंटमधून डी ड्राइव्ह उघडतो पण त्यात काही सेव्ह होत नाही. विंडोजचे फास्ट स्टार्टअप याला कारण आहे. शटडाउन म्हटले तरी विंडोज अर्धवट झोपलेलेच असते, म्हणून लिनक्स ते पार्टिशन फक्त वाचायला देते. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा. दुसरी, मिंटमधून विंडोजमध्ये गेले की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवते, विंडोज मात्र त्यालाच स्थानिक वेळ समजते. मिंटच्या टर्मिनलमध्ये (कमांड लिहायच्या खिडकीत) एकदा ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ दिले की भांडण मिटते.

एनव्हिडिया ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनवर लोगोनंतर काळा पडदा आला तर पेनड्राइव्हच्या मेनूतून कम्पॅटिबिलिटी मोड निवडा. टाकून झाल्यावर पहिल्या बूटला तेच झाले, तर सुरुवातीला एस्केप दाबून ग्रब हा सुरुवातीचा मेनू आणा, ‘ई’ दाबा, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीतले ‘क्वाएट स्प्लॅश’ खोडून तिथे ‘नोमोडसेट’ लिहा आणि एफ१०. हा बदल त्या एका बूटपुरताच टिकतो. आत शिरलात की ड्रायव्हर मॅनेजरमधून शिफारस केलेला ड्रायव्हर टाका. सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअरला सुरुवातीलाच अडवणारी सोय) चालू असेल तर तो एक पासवर्ड ठरवायला सांगेल आणि रीस्टार्टनंतर निळ्या पडद्यावर दहा सेकंद वाट पाहील. तेवढ्यात कोणतीही की दाबून एन्रोल एमओके, कंटिन्यू, येस, मग तोच पासवर्ड. दहा सेकंद हुकली तर ड्रायव्हर बसलेला दिसतो पण चालत नाही, आणि लोक तासन्‌तास चुकीच्या जागी शोधत बसतात. एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकला तरी पडदा अडखळतोय, अशी तक्रार आली की आम्ही आधी हेच विचारतो.

वायफाय दिसत नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. मिंट काही न टाकता ते ओळखते. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडा. ब्रॉडकॉमची चिप असेल तर इंटरनेटचीही गरज नाही, मिंटचा तोच पेनड्राइव्ह लावून ठेवला की ड्रायव्हर त्यातून घेता येतो.

मिंटची सर्वांत मोलाची गोष्ट आमच्या मते टाइमशिफ्ट. सिस्टिमचा फोटो काढून ठेवणारे हे साधन आहे. अपडेटने काही बिघडले तर मागच्या फोटोवर परत जाता येते, अगदी लाइव्ह पेनड्राइव्हवरूनही. पण त्याची एक खोड आहे. फोटो आपोआप त्याच डिस्कवर साठतात, आणि मुख्य पार्टिशन तीस जीबीचे ठेवले असेल तर काही आठवड्यांत ते तुडुंब भरते. मग बरोबर पासवर्ड देऊनही लॉगिनचा पडदा पुन्हा समोर येतो. पासवर्ड चुकलेला नसतो, तात्पुरत्या फाइल लिहायला जागाच नसते. अशा वेळी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा, काळ्या पडद्यावर लॉगिन करा, ‘डीएफ -एच’ ने जागा बघा. शंभर टक्के दिसले तर ‘सूडो टाइमशिफ्ट --लिस्ट’ ने यादी काढून ‘सूडो टाइमशिफ्ट --डिलीट’ ने जुने फोटो काढा. मुख्य पार्टिशन किमान साठ जीबी ठेवा आणि दोन दैनिक, एक साप्ताहिक एवढेच फोटो पुरे. टाइमशिफ्ट तुमचे होम फोल्डर धरत नाही, म्हणजे लग्नाचे फोटो आणि ऑफिसच्या फाइल यांची प्रत वेगळीच ठेवायची.

अपडेट चालू असताना वीज गेली आणि नंतर काहीच टाकता येईना, तर ‘सूडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि त्यानंतर ‘सूडो एपीटी -एफ इन्स्टॉल’. लॉक मिळत नाही असा संदेश आला तर लॉकची फाइल खोडायची नाही. मागे अपडेट मॅनेजर काम करत असतो, पाच मिनिटे थांबा. सिनॅमनचा पॅनल (खालची पट्टी) गोठला तर कंट्रोल-ऑल्ट-एस्केप. उघड्या खिडक्या जागेवर राहतात.

आता मराठीकडे, कारण इथे मिंट विंडोजपेक्षा काकणभर सरस आहे. कीबोर्ड, लेआउट्स, अधिकचे चिन्ह, आणि भारताच्या यादीतून मराठीचा एन्हान्स्ड इन्स्क्रिप्ट घ्या. हिंदीचा देवनागरी घेऊन भागवू नका. ‘तऱ्हा’ मधला ऱ्ह लिहायचा तर शिफ्ट-जे ने ऱ, डी ने हलन्त, मग यू ने ह. साधा र घेतला तर रफार होऊन ‘तर्हा’ उमटते. ळ शिफ्ट-एनवर. पॅनलवर इंग्रजी आणि मराठीचे झेंडे सारखेच दिसत असतील तर झेंड्याऐवजी लेआउटचे नाव दाखवायची सोय तिथेच आहे. उच्चाराप्रमाणे रोमनमध्ये टाइप करणाऱ्यांनी आयबस-एम१७एन पॅकेज टाकावे, इनपुट मेथडमध्ये आयबस निवडावे आणि लॉगआउट करून परत यावे. लॉगआउट विसरलात तर काहीच बदललेले दिसत नाही.

लिब्रेऑफिसमध्ये एक छोटी गोष्ट करा. टूल्स, ऑप्शन्स, मग भाषांच्या विभागात कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटवर खूण करून मराठी निवडा. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये ल आणि श ची मराठी वळणे वेगळी भरलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी असेल तरच ती पुढे येतात. भाषा हिंदी राहिली तर आपल्याच पत्रात परका ल दिसत राहतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइल मात्र त्याच फॉन्टशिवाय वाचता येत नाहीत. फॉन्टची फाइल होम फोल्डरमधल्या ‘.फॉन्ट्स’ मध्ये टाकली की वाचन होते. पुढचे टायपिंग युनिकोडमध्येच करा.

ऑफिससाठी घेणाऱ्यांनी तीन गोष्टी आधी बघाव्यात. टॅलीप्राइम विंडोजवरच चालते. विंडोजचे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनच्या भरवशावर हिशोब ठेवणे योग्य नाही. जीएसटी आणि कंपनी नोंदणीच्या कामाचे डिजिटल सहीचे टोकन त्याच्या सॉफ्टवेअरसह विंडोजवरच निर्धोक. तिसरा प्रिंटर. एचपी लेझरजेट १०२० आपले फर्मवेअर लक्षात ठेवत नाही, दर वेळी चालू झाल्यावर संगणकाने ते पाठवावे लागते. त्यासाठी ‘एचपी-प्लगइन’ चालवून प्लगइन टाका. एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरची आवृत्ती बदलली की तेही पुन्हा टाकायचे, नाहीतर काम रांगेत दिसते पण कागद हलत नाही. कॅनन एलबीपी २९०० कॅप्ट ही आपलीच भाषा बोलतो आणि लिनक्सवर त्याचे धड कधी जमले नाही. ज्या दुकानात दिवसभर त्याच प्रिंटरवर काम चालते, तिथे त्याला जोडलेल्या मशीनवर विंडोज राहू द्या आणि मिंट दुसऱ्या मशीनवर टाका.