पंडुम कॅफे, जगदलपूर: बस्तरला गेलात तर चहा इथेच घ्या

सिरोंचाहून भोपालपट्टणम, बिजापूर, गीदम करत जगदलपूर गाठलंत की चित्रकोटच्या धबधब्याला पळण्याआधी इथे अर्धा तास काढा. छत्तीसगड सरकारच्या ‘पूना मारगेम’ या पुनर्वसन उपक्रमातला हा कॅफे नोव्हेंबर २०२५मध्ये मुख्यमंत्री विष्णुदेव साय यांच्या हस्ते सुरू झाला. चालवतात कोण? शरण आलेले नक्षलवादी आणि नक्षली हिंसाचाराची झळ बसलेले. एकाच काउंटरमागे.

मी गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात आश्रमशाळेवर शिक्षिका होते. माझ्या वर्गातली पोरं दलममध्येही, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकडीतही, गेली आणि पोलिसातही. त्यामुळे हे काउंटर बघून गळा दाटून आला, खरंच सांगते.

चहा आल्याचा, कडक, साखर बेताची. आणणारा मुलगा ट्रे दोन्ही हातांनी घट्ट धरून, कपांवरची नजर न हलवता आला. माडियात, म्हणजे इकडच्या आदिवासींच्या बोलीत, गाव विचारलं तसा एकदम खुलला. बिलावर ‘दो चाय’ मात्र एकेक अक्षर जुळवत लिहिलं. घाई करू नका त्याला.

मला हा कॅफे का पटला? बस्तरमध्ये शरण आलेल्या कितीतरी जणांना डीआरजीत, म्हणजे नक्षलवाद्यांशी लढणाऱ्या पोलीस दलात, भरती केलं गेलं. ६ जानेवारी २०२५ला बिजापूर जिल्ह्यात भूसुरुंगाने गाडी उडवली, आठ जवान आणि चालक गेले. त्या आठांतले पाच एकेकाळी नक्षलवादीच होते. बंदूक खाली ठेवायची ती दुसरी उचलण्यासाठी, याला पुनर्वसन म्हणवत नाही मला. १७ ऑक्टोबर २०२५ला याच जगदलपुरात २१० जणांनी १५३ शस्त्रं खाली ठेवली. एवढ्यांना एक कॅफे कसा पुरेल? गॅरेज हवं, शिवणकाम हवं, शेतीला पाणी हवं.

एक विनंती गिऱ्हाइकांना. शेजारच्या टेबलावरच्या एकाने मोबाइल रोखून एका मुलीला विचारलं, “कितनों को मारा?” ती आत निघून गेली. असलं काही विचारू नका हो. फोटोही परवानगीशिवाय नको.

माझ्याकडून पाचपैकी पाच. नक्षलवाद्यांचा बडा नेता भूपती याच्यासह ६१ जणांनी आमच्या गडचिरोलीतही ऑक्टोबर २०२५मध्ये शस्त्रं ठेवली आहेत. त्यांच्यासाठी चामोर्शी रोडला असं हॉटेल निघालं, तर आमच्या सगळ्या निवृत्त शिक्षकांचा सकाळचा चहा तिथेच.