"विंडोज अपडेट बंद ठेवा सर"

ग्राफिक्स कार्ड विकणाऱ्याने पार्सलमध्ये एक पेन ड्राइव्ह टाकला होता आणि व्हॉट्सॲपवर मेसेज : "सर, ड्रायव्हर यातलाच टाका. विंडोज अपडेट बंद ठेवा, नाहीतर कार्ड हँग होतं." मला भरून आलं. सेकंडहँड मालाला एवढी काळजी कोण घेतं?

२०२१ चा पावसाळा. क्रिप्टोवाल्यांनी ग्राफिक्स कार्डांचा फडशा पाडला होता, बाजारात काही मिळत नव्हतं, आणि मुलीचा ॲनिमेशनचा कोर्स घरातूनच चालू. ब्लेंडर हे थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर उघडलं की पीसीचा पंखा गिरणीसारखा वाजायचा. जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० टीआय कार्ड, ४ जीबी मेमरीचं, अकरा हजारांना दिसलं. घासाघीस करून साडेनऊ हजारांना ठरलं. पैसे यूपीआयने, कार्ड कुरिअरने. बिल मागितलं नाही. "घरगुती वापरातलं आहे," म्हणाला, मग बिल कसलं मागायचं?

बसवल्या दिवशी स्क्रीन काळी. कार्ड काढलं की मदरबोर्डच्या स्वतःच्या ग्राफिक्सवर सगळं व्यवस्थित. फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, "बायोसमध्ये जाऊन सीएसएम इनेबल करा सर, सगळ्यांनाच करावं लागतं." केलं, आणि चित्र आलं. माझा त्याच्यावरचा विश्वास आणखी वाढला. खरं तर चोर तिथेच सापडला होता. बायोस म्हणजे पीसी सुरू होताना आधी चालणारं सॉफ्टवेअर, यूईएफआय ही त्याची नवी पद्धत. सीएसएम म्हणजे यूईएफआयमध्ये जुन्या पद्धतीच्या बायोससाठी ठेवलेली मागची वाट. २०१६ साली आलेल्या १०५० टीआयला तिची गरज पडत नाही. त्याच्या रॉममध्ये, म्हणजे कार्डावरच्या कायमच्या मेमरीत, यूईएफआयचा भाग असतो. २०१०-११ च्या सुमाराच्या कार्डांत तो बहुधा नसायचा. पण हे मला तेव्हा कोण सांगणार?

पेन ड्राइव्हवरचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, टाकताना विंडोज ड्रायव्हरची डिजिटल सही तपासतं ती तपासणी बंद करावी लागली. तेही केलं. ब्लेंडरमध्ये मोठा सीन उघडला की चट्टेपट्टे यायचे, एरवी चार दिवस छान गेले.

पाचव्या दिवशी सकाळी विंडोजचा लोगो आला, खाली ठिपके गोल फिरले, आणि स्क्रीन गेली. मॉनिटरचा दिवा निळ्याचा नारिंगी झाला. रात्रीत अपडेट येऊन गेला होता. मुलीने बंद केलेला अपडेट विंडोजने स्वतःच पुन्हा चालू करून घेतला होता, त्याबद्दल आज मी मायक्रोसॉफ्टचे आभारच मानतो. मोजक्याच ड्रायव्हरांवर चालणारा विंडोजचा सेफ मोड तेवढा उघडत होता.

पुढचे दहा दिवस मी स्वतःलाच दोष देत होतो. डीडीयू नावाच्या सॉफ्टवेअरने ड्रायव्हर मुळापासून काढला, एनव्हिडियाच्या साइटवरून नवा घेतला, पुन्हा काळी स्क्रीन. रॅम काढून खोडरबरने घासली. कॉलनीतल्या रिपेअरवाल्याने एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, कमी पडतोय म्हणून २,६०० चा नवा बसवला. काही फरक नाही. मग तो म्हणाला, "मदरबोर्डचा स्लॉट गेलाय काका." त्याला तरी काय बोलायचं? मी त्याला कार्ड ठणठणीत आहे असंच सांगितलं होतं.

मदरबोर्डची ऑर्डर देणार होतो तेवढ्यात सांगलीचा मावसभाऊ आला. तो विंडोजऐवजी सगळं उबुंटू लिनक्सवर करतो आणि आम्ही त्याची त्यावरून थट्टा करतो. त्याने स्वतःच्या पेन ड्राइव्हवरून, इन्स्टॉल न करता, उबुंटू चालू केलं, आणि स्क्रीन आली! विंडोजवर आंधळं, इथे डोळस. त्याने दोन कमांड दिल्या. पहिलीने यादीत जीटीएक्स १०५० टीआय दाखवलं. दुसरीने बूटचे मेसेज काढले आणि त्यात नूव्हो या लिनक्समधल्या एनव्हिडिया ड्रायव्हरची ओळ होती : एनव्हिडिया जीएफ ११६.

"दादा, हे बघ. एकाच कार्डाची दोन नावं आहेत."

पहिली यादी कार्ड स्वतःचा जो आयडी सांगतं त्यावर विश्वास ठेवते, आणि तो आयडी कार्डाच्या रॉममध्ये फेरफार करून बदलता येतो. नूव्हो मात्र थेट चिपच्या रजिस्टरमध्ये जाऊन विचारतो, बाई तू कोण. विंडोजमध्येही हेच घडत होतं. लोगो येईपर्यंत साधा डिस्प्ले चालतो, त्याला चिप कुठली याच्याशी घेणंदेणं नसतं. मग आयडी बघून १०५० टीआयचा खरा ड्रायव्हर लोड होतो, तो १०५० टीआयच्या पास्कल पिढीच्या चिपला द्यायच्या सूचना देऊ लागतो, आणि समोर बसलेली त्याआधीच्या फर्मी पिढीची म्हातारी त्यातलं काहीच करू शकत नाही. म्हणून पडदा पडायचा तो नेमका तिथेच. पेन ड्राइव्हवरचा ड्रायव्हर म्हणजे जुनाच, नुसती नावाची पाटी बदललेला.

आम्ही हीटसिंक काढला. पेस्ट स्पिरिटने पुसली, आणि चिपवर अक्षरं उमटली : तैवान, आणि खाली जीएफ ११६-४००. ही जीटीएक्स ५५० टीआयची चिप, २०११ ची. १९२ कोर. खऱ्या १०५० टीआयमध्ये जीपी १०७ असते, ७६८ कोर. मेमरी ४ जीबी सांगितलेली, त्यातली खरी १ जीबी. ब्लेंडरमध्ये ते चट्टेपट्टे यायचे ते त्यामुळे.

सगळ्यात लाज वाटली ती निळ्या सॉकेटची. कार्डाच्या पट्टीवर व्हीजीए, म्हणजे जुन्या मॉनिटरची ॲनालॉग जोडणी, होतं. आमचा मॉनिटर जुना, म्हणून मी खूश झालो होतो की कन्व्हर्टरचे पैसे वाचले! पास्कल चिपमधून ॲनालॉग सिग्नल निघतच नाही. १०५० टीआय म्हणून विकलेल्या कार्डावर निळं व्हीजीए दिसलं तर घासाघीससुद्धा करू नका. आणि कार्ड हातात आल्या आल्या जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवा. फुकट आहे, आणि २०१८ च्या २.१२ आवृत्तीपासून ते अशा एनव्हिडिया कार्डांच्या नावाआधी 'फेक' असं सरळ लिहितं. मी चालवलं. लिहिलं. तीस सेकंदांचं काम, दहा दिवस उशिरा.

विक्रेत्याला फोटो पाठवले. "सर, आमच्याकडे चालत होतं," एवढं लिहून त्याने ब्लॉक केलं. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली, पावती क्रमांक मिळाला. साडेनऊ हजार मिळाले नाहीत. एसएमपीएस तेवढा चांगला निघाला, अजून चालतोय.

महिन्याभराने मुलीने त्याच ॲपवर एक जाहिरात दाखवली. नाव वेगळं, गाव वेगळं, फोटो तोच. तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं : कार्ड हातात धरलेलं आहे, आणि अंगठा बरोबर त्या निळ्या सॉकेटवर ठेवलेला आहे. किंमत बारा हजार.