१४ इंची हातमशीन आणि अंगणातली दूर्वा

घरापुढची हिरवळ पाचशे-सातशे चौरस फुटांची असेल, गवत दूर्वेचं असेल आणि आठवड्याला अर्धा-पाऊण तास काढायची तयारी असेल, तर हाताने ढकलायचं १४ इंची मशीन बेलाशक घ्या. विजेच्या मशीनच्या वाटेला जाऊ नका, आणि एवढ्याशा जागेला पेट्रोलचं तर नकोच. इंदूरची माती, इथलं ऊन आणि दूर्वेचा स्वभाव पाहता हेच मशीन योग्य आहे, असं मी पूर्ण अनुभवाने सांगते आहे.

आम्ही राजेंद्रनगरला राहतो. घरापुढे वीस बाय पंचवीस फुटांचा तुकडा, एका कोपऱ्यात कडुनिंब, भिंतीलगत सीताफळ आणि दोन जास्वंदी. बाकी सगळी दूर्वा. आधी आमच्याकडे फिरत्या पात्याचं विजेचं मशीन होतं. त्याची वायर सांभाळणं ही एक कटकट होतीच, पण खरी तक्रार वेगळी होती. त्या मशीनचं पातं पंख्यासारखं आडवं फिरतं आणि वेगाच्या जोरावर गवताला फटका मारतं. धार थोडी जरी उतरली तरी गवत कापलं न जाता फाटतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाकून पाहिलं तर गवताच्या प्रत्येक पात्याचं टोक पांढुरकं, चिंध्या झालेलं आणि लांबून सगळी हिरवळ करपल्यासारखी दिसायची. आम्ही पाणी वाढवत होतो, खत घालत होतो, आणि दोष होता मशीनच्या पात्याचा. फाटलेल्या टोकातून गवतातलं पाणी जास्त उडतं आणि बुरशीलाही आत शिरायला वाट मिळते. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना हे गवताला झेपत नाही.

हातमशीनची घडण अगदी साधी. दोन बाजूंना दोन चाकं, मधे पाच पिळदार पात्यांचा रूळ, त्याच्या खाली एक न हलणारं सपाट आडवं पातं, मागे रोलर आणि लांब दांडा. पुढे ढकललं की चाकांमधले दाते रूळ फिरवतात आणि गवत फिरत्या आणि स्थिर पात्याच्या मधे सापडून कापलं जातं. मागे ओढलं की रूळ थांबतो, नुसता कटकट आवाज येतो. इंजिन नाही, बटण नाही, धूर नाही. सकाळी सहाला चालवलं तरी शेजारच्यांची झोप मोडत नाही. कापलेलं टोक स्वच्छ, सरळ असतं. ते जवळून बघण्यासारखं आहे: गवताच्या पात्याचा रंग शेवटपर्यंत हिरवा राहतो आणि कापाच्या जागी जेमतेम केसाएवढी फिकट रेघ दिसते.

दूर्वा जमिनीलगत आणि जमिनीखालून धावते. वरून वारंवार थोडं थोडं कापत गेलं की ती उंच जायचं सोडते आणि प्रत्येक पेरातून बाजूला फुटते. हिरवळ दाट होते ती अशी. म्हणून एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही, हा नियम मी कसोशीने पाळते. पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला एक इंच उंची ठेवते, उन्हाळ्यात मागचा रोलर खाली करून मशीन दीड इंचावर घेते, म्हणजे मुळांशी सावली राहते. नळ एक दिवसाआड येतो त्या शहरात ही अर्ध्या इंचाची सावली फार मोलाची आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली गेला की दूर्वा वाढायची थांबते, पिवळी पडते. ते आजारपण नाही. तेव्हा मशीनला तेल लावून कोपऱ्यात ठेवायचं आणि युरियाचा मोह आवरायचा.

आता मातीचं. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि दरवर्षी जमीन थोडी वरखाली होते. विजेच्या मशीनला हे फारसं जाणवत नाही, हातमशीनला लगेच जाणवतं. जिथे उंचवटा तिथे खालचं पातं मातीला घासतं आणि गवत बुडापासून साफ होतं. जिथे खड्डा तिथे गवत तसंच उभं. हा मशीनचा दोष म्हणून खुशाल मोजा, पण त्यामुळेच आमची जमीन सरळ झाली. पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले आणि गवताने जोर धरला की आम्ही नर्मदेची वाळू आणि चाळलेलं कंपोस्ट खत निम्मं निम्मं मिसळून खड्ड्यांवर पसरतो. थर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नाही, गवताची टोकं वर दिसली पाहिजेत. मग झाडूच्या पाठीने ते आत घालवायचं. वाळूमुळे पाणीही साचत नाही, आणि काळ्या मातीत मुळं कुजतात ती साचलेल्या पाण्यानेच.

ओल्या मातीवर मात्र मशीन न्यायचं नाही. आमचे माळीदादा हे पहिल्याच दिवशी बजावून गेले: "भाभीजी, गीले में मत चलाना, मिट्टी चिपकेगी और घास दबेगी।" तसंच होतं. रूळात चिकट गोळा अडकतो, रोलरवर माती चढते आणि कापायची उंचीच बदलते.

आणि इथेच या मशीनची खरी उणीव येते. जुलै-ऑगस्टमध्ये सलग आठ-दहा दिवस झड लागली की गवत हाताबाहेर जातं, कारण ओल्यात चालवता येत नाही आणि वाढलेल्यात मशीन चालत नाही. गवत तीन-चार इंचांवर गेलं की रूळ त्याला कापण्याऐवजी पुढे लोळवतो. मग आधी मोठ्या कात्रीने वरचं छाटायचं, दोन दिवस जाऊ द्यायचे, मग मशीन. दूर्वेचे तुरे हीसुद्धा अडचणच: ते दांडे कडक असतात, पात्याखाली वाकतात आणि मशीन गेल्यावर पुन्हा उभे राहतात. दुसऱ्या हाताला, म्हणजे आडव्या दिशेने चालवलं की बरेचसे जातात, सगळे नाही. नागरमोथ्याला तर या मशीनने काहीच होत नाही. वरचा भाग कापला जातो, खालची गाठ जमिनीत मजेत असते. त्याला खुरपं घेऊन गाठीसकटच काढावं लागतं. ज्यांना महिन्यातून एकदाच वेळ मिळतो त्यांनी हे मशीन घेऊ नये, हे मी स्पष्ट सांगते.

आमच्या सासूबाईंची एक अट आहे: भिंतीकडचा हातभर पट्टा श्रावण संपत आला की कापायचा नाही. गणपतीच्या जुड्या तिथूनच निघतात. मी चतुर्थीच्या साधारण दोन आठवडे आधी त्या पट्ट्यावरून मशीन एकदाच फिरवते, मग सोडून देते. स्वच्छ कापलेल्या दूर्वेला तेवढ्या दिवसांत कोवळे, तीन पानांचे शेंडे येतात. विजेच्या मशीनच्या काळात टोकं फाटलेली निघायची आणि सासूबाई निवडताना अर्ध्या बाजूला टाकायच्या. आता एकवीसच्या जुड्या भराभर होतात, आणि त्या बसल्या बसल्या म्हणतात, "अगं, यंदा बाजारच्या दूर्वा आणूच नकोस." माझ्यासाठी मशीनची किंमत वसूल झाली ती इथे.

मशीनला लावायची गवताची पेटी वेगळी मिळते. ती घेऊ नका. आठवड्याला कापलं तर कातरण इतकं बारीक पडतं की दुपारच्या उन्हात सुकून मुळांशी जिरतं, आणि त्यातलं नत्र जमिनीलाच परत मिळतं. युरिया मी पावसाळ्यात एखाद-दुसऱ्या वेळीच देते, शंभर चौरस फुटांना शंभर ग्रॅम या मापाने, आणि लगेच भरपूर पाणी. कातरण लांब पडलं तरच दाताळ्याने गोळा करते. ते कचऱ्याच्या गाडीत घालायला जीव होत नाही. नुसत्या ओल्या गवताचा ढीग केला तर चिकट होतो आणि वास मारतो, म्हणून त्यात कडुनिंबाचा सुका पाला, थोडं शेण, माती आणि राख थराथराने घालायची आणि तीन महिन्यांत तीनेकदा उलथापालथ करायची. ही रीत आपल्याच शहराच्या नावाने जगभर गेलेली आहे. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इथे होते, आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथेच त्यांनी इंदूर पद्धतीचं कंपोस्ट बसवलं. स्वच्छतेत पहिल्या नंबरचा आपल्याला अभिमान आहे तो रास्तच आहे. या कंपोस्टचाही तेवढाच असायला हवा, आणि आपल्या पुढच्या पिढीला त्याचं नावही माहीत नाही याचं मला वाईट वाटतं.

देखभालीचं नीट ऐका, कारण चांगली मशीनं इथेच मरतात. धार उतरली म्हणून आम्ही मशीन एका दुरुस्तीच्या दुकानात दिलं. त्यांनी रूळाची पाती एकेक करून सहाणेच्या चाकावर घासली, चाकू घासतात तशी. धार आली, पण पाची पाती कमीजास्त झाली आणि खालच्या पात्याशी जागोजागी फट राहिली. सहा इंच गवत कापायचं आणि दोन इंच सोडायचं, असे पट्टे उमटू लागले. खालचं पातं इंदुरात कुठे मिळेना, शेवटी पुण्याहून मागवलं. या मशीनची धार सहाणेवर काढायचीच नसते. मोटारीच्या वाल्वला लावतात ती घासायची पेस्ट पात्यांना लावायची आणि रूळ हाताने उलटा फिरवत राहायचं. फिरती पाती आणि स्थिर पातं एकमेकांवर घासून एकसारखी होतात. मग सगळं पुसून तेलाचा हात फिरवायचा. वर्षातून एकदा पुरतं. कापण्याआधी हिरवळीवरून एक फेरी मारून खडे, काटक्या, निंबोळ्या वेचायच्या, कारण एका खड्याने पात्याला खाच पडते.

मशीनसोबत आलेले बोल्ट मऊ निघाले, दांड्याच्या एकाचे आटे लगेच गेले. सियागंज बाजारातून चांगल्या लोखंडाचे चार बोल्ट आणून बसवले, तो प्रश्न संपला. माहितीपत्रक नुसतं इंग्रजीत आहे आणि त्यात उंची कशी बदलायची याचं चित्र नाही, हे कंपनीने सुधारायलाच हवं.

दुकानात गेलात तर १२ इंची घेऊ नका, फेऱ्या फार होतात; १६ इंची बाईमाणसाला आणि म्हाताऱ्यांना जड जातं. आम्हाला १४ इंची सात हजारांच्या आत मिळालं. मशीन उलटं धरायला लावा, वर्तमानपत्राची एक पट्टी खालच्या पात्यावर ठेवा आणि रूळ हळूच फिरवा. डाव्या टोकाला, मधे आणि उजव्या टोकाला कागद तीनही ठिकाणी सफाईने कापला गेला तरच पैसे द्या. कुठे दुमडला तर दुकानदाराला स्क्रू फिरवून खालचं पातं तिथल्या तिथे जुळवायला सांगा, आणि सुटं पातं त्याच्याकडे मिळतं का तेही त्याच वेळी विचारून घ्या.